चासी बदलली तर जीप तीच राहते का?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून काढलाय. बोलताना जिथे भरकटलो होतो तेवढं कापलंय, बाकी तसंच ठेवलंय.

आजचा विषय माझ्या घरातलाच आहे. शहापूर तालुक्यात, किन्हवलीच्या बाजूला आमचं गाव. घरामागच्या पडवीत आजोबांची जीप उभी असते, महिंद्राची सीजे थ्री बी. आजोबांनी ती सरकारी लिलावात घेतली होती. भाताची पोती, म्हशाच्या यात्रेला जाणारी माणसं, रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यायचे पेशंट, सगळं तिने वाहिलंय. माझ्या जन्माच्या वेळी आईला भर पावसात शहापूरला नेलं ते याच जीपमधून.

गेल्या वर्षी ती मुरबाडला एका गॅरेजमध्ये नेली. इंजिन धूर मारत होतं, म्हटलं काम करून घेऊ. मिस्त्री गाडीखाली शिरले आणि हातोडीने चासीवर ठोकत गेले. एका जागी ठण्ण आवाज आला, पुढे नुसता भद्द. तिसऱ्या जागी हातोडीचं तोंड पत्र्यातून आत गेलं.

"दादा, इंजिनाचं नंतर बघू. चासीच खाल्लीये. नवीन टाकायला लागंल."

मी घरी येताना हिशोब करत होतो. इंजिन तर आजोबांच्या काळातच बदललेलं. बॉडीचा पत्रा दोनदा बदललेला. आता चासीही नवी टाकली, तर आजोबांनी लिलावात घेतलेल्या जीपमधलं उरलं काय? त्या प्रश्नापायी मी जीपचा इतिहास वाचायला घेतला, आणि लक्षात आलं की ही गाडी जन्मापासूनच अशी आहे.

१९४० च्या जुलैमध्ये अमेरिकन सैन्याने १३५ कंपन्यांना विचारलं, की फोर बाय फोर, हलकी, टेहळणीची गाडी कोण बनवून देईल? मुदत इतकी कमी होती की बहुतेकांनी लक्षच दिलं नाही. बँटम नावाच्या छोट्या कंपनीने सप्टेंबरमध्ये पहिला नमुना उभा केला. पण एवढ्या गाड्या बनवायची तिची ताकद नव्हती. सैन्याने तिचे आराखडे विलिस आणि फोर्ड यांना दाखवले. शेवटी विलिसचं डिझाइन ठरलं आणि युद्ध संपेपर्यंत विलिस आणि फोर्ड मिळून सहा लाखांहून जास्त जीप बाहेर पडल्या. एका कंपनीचा पार्ट दुसरीच्या गाडीला बसलाच पाहिजे, असा सगळा बेत होता. रणांगणावर दोन मोडक्या जीपमधून एक चालती जीप करता यायला हवी ना! म्हणजे आपले मिस्त्री जे करतात, ते या गाडीच्या मूळ कल्पनेतच होतं.

आता ती आपल्याकडे कशी आली ते बघू. के. सी. महिंद्रा युद्धाच्या काळात वॉशिंग्टनमध्ये इंडिया सप्लाय मिशनचं काम बघत होते. तिथे त्यांची गाठ बार्नी रूस यांच्याशी पडली. विलिसच्या जीपचं इंजिन ज्यांनी घडवलं ते हे इंजिनिअर. १९४५ मध्ये के. सी., त्यांचे भाऊ जे. सी. आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी 'महिंद्रा अँड मोहम्मद' कंपनी काढली. फाळणी झाली, गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९४८ मध्ये कंपनीचं नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झालं. बोटीने सुटे भाग यायचे आणि मुंबईत माझगावला जीप जोडल्या जायच्या. पुढे १९५० च्या दशकात एकेक भाग इथेच बनायला लागला.

आमच्या जीपचं जे मॉडेल, सीजे थ्री बी, ते अमेरिकेत १९५३ मध्ये आलं. त्याची गोष्ट मला फार आवडते. जुन्या इंजिनात दोन्ही व्हॉल्व्ह बाजूला ब्लॉकमध्ये असायचे. नव्या 'हरिकेन' इंजिनात हवा आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नेले. ताकद वाढली, पण इंजिन उंच झालं आणि बॉनेटखाली मावेना. मग काय केलं? बॉनेटच उंच केलं. आपल्याला ओळखीचा असलेला जीपचा तो कपाळ वर आल्यासारखा चेहरा इंजिन बदलल्यामुळे आलाय. अमेरिकेत हे मॉडेल १९६८ मध्ये बंद झालं. आपल्याकडे मात्र ते पुढे कितीतरी वर्षं बनत राहिलं.

पण त्याच्या पोटातलं इंजिन काही तेच राहिलं नाही. १९७३ नंतर पेट्रोल भडकलं. खेडेगावात पेट्रोलची २.२ लिटरची जीप पाळणं म्हणजे हत्ती पाळणं. महिंद्राकडे इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या भागीदारीतले ट्रॅक्टर होते, आणि त्या घराण्यातलं २३५० सीसीचं डिझेल इंजिन जीपमध्ये आलं. मग फ्रान्सच्या प्यूजोशी करार झाला आणि त्यांचं एक्सडीपी ४.९० हे डिझेल इंजिन आलं. नावाचा अर्थ सरळ आहे: चार सिलिंडर, ९० मिलिमीटरचा बोर. स्ट्रोक ८३ मिलिमीटर, गुणाकार करून बघा, २११२ सीसी येतात. हे इंजिन बनायचं इगतपुरीला. म्हणजे शहापूरहून निघा, कसारा घाट चढा, की पोचलात. आमच्या भागातून रोज धावणाऱ्या जीपचं काळीज घाटमाथ्यावर तयार होत होतं, आणि मला हे अठ्ठाविसाव्या वर्षी कळतंय!

कंपनीने कारखान्यात जे केलं तेच देशभरातल्या मिस्त्रींनी गॅरेजमध्ये केलं. हरियाणातल्या मंडी डबवालीत तर लष्करी लिलावातल्या जीप नव्याने बांधणं हा मोठा धंदाच झाला. फिलिपिन्समध्ये अमेरिकन सैन्याने मागे सोडलेल्या जीप लांब करून जीपनी बनल्या आणि मनिलाची सार्वजनिक वाहतूक त्यांवर उभी राहिली. आणि आमच्या आजोबांनी ऐंशीच्या दशकात पेट्रोल इंजिन उतरवून ट्रॅक्टरच्या घराण्यातलं डिझेल बसवलं.

त्याची किंमत आता कळतेय. डिझेल इंजिन पेट्रोलपेक्षा जड, त्याची थरथर जास्त. चासी म्हणजे दोन लांब पट्ट्या आणि त्यांना जोडणारे आडवे दांडे, शिडीसारखा प्रकार. पेट्रोल इंजिनाच्या हिशोबाने बनवलेल्या त्या शिडीवर जास्तीचं वजन चाळीसएक वर्षं नाचत होतं. पुढचे पाटे बसले, इंजिनच्या फाउंडेशनजवळ तडे गेले. त्यात आमच्याकडचा पाऊस. भातखाचरातला चिखल चासीच्या पोकळीत जाऊन बसतो आणि वाळायचं नावच घेत नाही. आतून गंज, बाहेरून रंग.

मिस्त्रींनी उपाय सांगितला. नवी चासी आणू, जुन्या चासीवरचा नंबराचा तुकडा कापू आणि नवीवर वेल्ड करू. वर रंग मारला की कोणाला कळतंय? "सगळेच करतात दादा." माणूस वाईट नाही हो, त्यांना खरंच माझे पैसे आणि वेळ वाचवायचा होता. आणि खोटं कशाला बोलू, मीही दोन दिवस त्याच विचारात होतो.

कायद्याच्या नजरेत गाडीची ओळख चासी नंबरवर ठरते. तोच नंबर आरसी बुकात, तोच विम्यात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करायचा नाही. २००० मधल्या दुरुस्तीने ते कडक झालं आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. आजोबांनी केलेला बदल आज करायला गेलो तर फार अवघड आहे. आणि नंबर कापून चिकटवणं तर सरळ गुन्हा. चोरीच्या गाड्या अशाच तर खपवतात.

रात्री बाबांना सांगितलं. मला वाटलं ते म्हणतील, भंगारात घाल. ते उठले आणि ट्रंकेतून जुनं आरसी बुक घेऊन आले. इंजिन नंबरच्या जागी आधीचा नंबर लाल शाईने खोडलेला, वर नवा लिहिलेला, शेजारी सही आणि शिक्का. 'पेट्रोल' खोडून 'डिझेल'. चासी नंबर मात्र पहिल्या दिवसापासून तोच.

बाबा म्हणाले, "अण्णांनी इंजिन बदललं ते लपवून नाही. आरटीओत तीन हेलपाटे घातले होते. एसटीने. मी होतो बरोबर."

माझं उत्तर मला तिथे मिळालं. आमच्या सॉफ्टवेअरच्या कामात एखाद्या प्रोजेक्टमधली प्रत्येक ओळ पाच-सात वर्षांत बदलून जाते, तरी तो तोच प्रोजेक्ट असतो. का? तर कोणी, कधी, काय बदललं त्याची नोंद सलग असते. नोंद खोटी केली की सगळं संपलं, मग ओळी जुन्या असोत की नव्या. आजोबांच्या जीपचंही तसंच आहे. जुनं लोखंड थोडंच उरलंय, पण बदलाचा एकही कागद खोटा नाही. तो खोटा करणारा पहिला माणूस मी नाही होणार.

मग ठरलं ते असं. बॉडी उतरवली. चासी पूर्ण साफ केली. नंबर असलेली पट्टी सुदैवाने त्या भागात शाबूत निघाली, तिला हात लावला नाही. कुजलेला भाग कापून तेवढ्याच जाडीची पट्टी बसवली, दोन आडवे दांडे नवे केले, तड्यांवर आतून जोड दिला. मिस्त्री आधी वैतागले, मग स्वतःच मापं दोनदोनदा घ्यायला लागले. इंजिनाचा ब्लॉक फारच गेला होता, म्हणून त्याच मेकचं, त्याच प्रकारचं दुसरं शोधलंय. त्याची पावती, जुन्या मालकाचे कागद आणि अर्ज अशी फाइल तयार आहे. आरटीओची मंजुरी हातात आली की मगच बसवायचं. नव्या चासीपेक्षा खर्च कमी झाला असंही नाही, आणि वेळ तर दुप्पट गेला.

जीप अजून मुरबाडलाच आहे, चार लाकडी ठोकळ्यांवर. पुढच्या सोमवारी मी आणि बाबा अर्ज घेऊन आरटीओत जातोय. पहिला हेलपाटा.

तुमच्याही घरी अशी एखादी जुनी गाडी असेल, तर आधी तिचं आरसी बुक शोधून काढा आणि त्यात काय काय खोडून लिहिलंय ते वाचा. भेटू पुढच्या भागात.