गर्भपाताचा कायदा : उभयमान्य भूमीचा शोध

गर्भपाताच्या वादांत दोन पक्ष आहेत. एकाला उदरांतील जीव रक्षणीय वाटतो. दुसऱ्याला तो जीव वाहणाऱ्या स्त्रीचे प्राण आणि तिची इच्छा. दोघांचीही कळकळ खरी आहे, म्हणूनच वाद मिटत नाहीं. तथापि उभयतांना मान्य होईल अशी भूमि कशी शोधली गेली, हें भारताच्या इतिहासांत पाहावयास मिळतें.

१८६० च्या भारतीय दंडसंहितेनें ३१२ व्या कलमान्वयें गर्भपात हा गुन्हा ठरविला. स्त्रीचे प्राण वांचविण्यासाठीं सद्‌बुद्धीनें केलेला गर्भपात तेवढा अपवाद होता. शिक्षा तीन वर्षांपर्यंत, आणि गर्भाची हालचाल जाणवूं लागल्यानंतर सात वर्षांपर्यंत. स्वतः गर्भपात करून घेणारी स्त्रीही त्या शिक्षेस पात्र होती. परंतु शिक्षेच्या धाकानें गर्भपात थांबले नाहींत. ते अडाणी हातांत आणि अंधाऱ्या खोल्यांत गेले.

१८६३ सालीं जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं पुण्यांत बालहत्या-प्रतिबंधक गृह काढलें. संकटांत सांपडलेल्या विधवेनें तेथें गुप्तपणें बाळंत व्हावें, मूल न्यावें अथवा ठेवून जावें, अशी सोय होती. अशाच एका विधवेचा पुत्र यशवंत या दांपत्यानें दत्तक घेतला. मूल जगावयास हवें असेल, तर आईला आधीं आसरा मिळाला पाहिजे, हें या कार्याचें मर्म होतें.

स्वातंत्र्यानंतर १९६४ सालीं, महाराष्ट्राचे त्या वेळचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली गेली. तिचा अहवाल १९६६ सालीं आला, आणि १९७१ चा कायदा १ एप्रिल १९७२ पासून अंमलांत आला. त्यानें ३१२ वें कलम रद्द केलें नाहीं. त्याला वळसा घातला. बारा आठवड्यांपर्यंत एका आणि वीस आठवड्यांपर्यंत दोन नोंदणीकृत डॉक्टरांच्या मतानें, ठराविक कारणांसाठीं गर्भपात विधिसंमत झाला. सज्ञान व सुबुद्ध स्त्रीची संमति पुरेशी ठरली. पतीची आवश्यक राहिली नाहीं. एका पक्षाला मुदतीची मर्यादा मिळाली, दुसऱ्याला सुरक्षित रुग्णालय. मात्र निर्णयाची किल्ली स्त्रीच्या नव्हे, डॉक्टरांच्या हातीं राहिली.

पुढें मुलगी नको म्हणून गर्भ पाडण्याचा प्रघात वाढला, तेव्हां खरी कसोटी लागली. गर्भपाताचा अधिकार मागणाऱ्या स्त्री-संघटनाच आतां बंदी मागूं लागल्या. पेंच असा कीं, गर्भपातच बंद केला तर गरजू स्त्री पुन्हां अंधारांत जाणार. म्हणून महाराष्ट्रानें १९८८ सालीं आणि केंद्रानें १९९४ सालीं जे कायदे केले, त्यांनीं गर्भपातावर नव्हे, तर लिंगपरीक्षेवर निर्बंध घातला. या एका मुद्द्यावर दोन्ही पक्ष एकत्र आले.

२०२१ च्या दुरुस्तीनें एका डॉक्टरांच्या मताची मर्यादा वीस आठवड्यांवर गेली, आणि कांहीं वर्गांतील स्त्रियांना चोवीस आठवड्यांपर्यंत मुभा मिळाली. २९ सप्टेंबर २०२२ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें हा लाभ अविवाहितेलाही दिला. १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेच्या जागीं भारतीय न्याय संहिता आली. गर्भपाताचा गुन्हा मात्र तिच्या ८८ व्या कलमांत कायम आहे. अपराध आणि उपचार असे दोन्ही कायदे अद्याप शेजारीं नांदत आहेत. तत्त्वाचा निकाल लागलेला नाहीं. परंतु तो लागेपर्यंत कोणा स्त्रीनें अडाणी हातीं प्राण गमावूं नयेत, एवढें दोन्ही पक्षांना मान्य करतां येतें.