उकाईवर सकाळची शिफ्ट

सचिन स्टेशनच्या फलाटावर उभे राहा. नाकातला रंगाचा आणि रसायनांचा वास विरू द्या. मागची जीआयडीसी, ती औद्योगिक वसाहत, नाहीशी झाली. तिच्या जागी शेतं, बाभळी आणि रुळांकडे पाठ करून उभी असलेली एक म्हैस. खिशात मोबाइल शोधू नका. तिथं बिडीचं बंडल, काडेपेटी आणि तापीवरच्या उकाई धरणाच्या कामावरचा हजेरीचा पास आहे. 1969 चा मे महिना चालू आहे आणि तुम्ही स्क्रेपरचे, म्हणजे माती खरवडून वाहणाऱ्या मशीनचे, ऑपरेटर आहात. घाबरू नका, हात लवकर शिकतात. पाठीचं काही सांगता येत नाही.

उधन्याला गाडी बदला. भुसावळ पॅसेंजरचं कोळशाचं इंजिन खिडकीबाहेर तोंड काढणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यात कण टाकतं, तेव्हा तोंड आत ठेवा. डब्यात नंदुरबार, शहादा, दोंडाईच्याची माणसं बोचक्यांवर बसली आहेत. कुणाच्या मांडीवर लग्नाचा नवा कंदील, कुणाच्या पिशवीतून आंब्यांचा वास. सुरतेहून येणारा एक म्हातारा गेल्या ऑगस्टातला पूर सांगतोय: तापी घरात शिरली, पाणी उतरल्यावर चिखल काढता काढता दिवाळी आली. तुम्ही धरणावर आहात हे कळताच तो तुमच्याकडे वळतो. "लवकर बांधा रे बाबा." जणू तुम्हीच रेंगाळताय.

बारडोली, मढी, व्यारा. मग टेकडीवरचा किल्ला दिसतो. सोनगड आलं. बडोद्याच्या आधी गायकवाडांचं बस्तान इथं होतं. पिलाजी गायकवाडांनी या डोंगरातून गुजरातेवर नजर ठेवली. तुम्हाला मात्र नजर ठेवायचीय ती स्टेशनाबाहेरच्या ट्रकवर, कारण तो सुटला तर धरणाच्या कॉलनीपर्यंत पायपीट.

दुसऱ्या दिवशी पहाटे हेल्पर खोलीचं पत्र्याचं दार वाजवतो. पोरगा नंदुरबारकडचा आहे. "चाल उस्ताद, टाइम व्हयी गया!" रात्री शेजारच्या खोलीत रेडिओ उशिरापर्यंत घुमत होता, पेंग अजून उतरलेली नाही. कपभर काळा गुळाचा चहा घ्या, गमछा नाकातोंडावरून दोनदा गुंडाळा. हो, दोनदा. एकदा गुंडाळणारा दुपारी माती थुंकतो.

आता साइट. तुम्ही धरण बघायला आला असाल तर निराश व्हाल, कारण धरण दिसतच नाही. दिसते लांबच लांब, सपाट, धुरकट माती आणि तिच्यावर फिरणारे पिवळे ठिपके. जवळजवळ पाच किलोमीटरचा बांध, त्यातले चार किलोमीटर नुसत्या मातीचे. उरलेला भाग दगडी बांधकामाचा, दरवाजांचा. तिकडची माणसं स्वतःला जरा वरची समजतात. समजू द्या.

मशीनवर चढा. लोखंडी पायरी अजून गार आहे, याचा आनंद घ्या. खाली हेल्पर ग्रीसगन घेऊन पिना भरतोय, तेलाची काडी पुसून पुन्हा बुडवून बघतोय. पलीकडे पुशर डोझर, म्हणजे माती भरताना तुम्हाला मागून ढकलणारा, उठतोय. तो जुना आहे, त्याला थेट सुरू होणं मान्य नाही: आधी त्याच्या कुशीतलं छोटं पेट्रोल इंजिन फटफटायचं, मग त्याच्या जोरावर मोठं डिझेल फिरायचं, खोकायचं, काळ्या धुराचा लोट सोडायचं. एकदा ते धरलं, की जमीन थरथरू लागते आणि बोलणं संपतं. यापुढे आठ तास सगळी भाषा हातवाऱ्यांची.

बॉरो एरियात जा, म्हणजे माती उचलायची जागा. काही दिवसांपूर्वी इथं कुणाचं तरी शेत होतं. बांधावरचं एक मोहाचं झाड अजून तसंच उभं आहे आणि सगळे ऑपरेटर त्याला वळसा घालतात. कुणी सांगितलेलं नाही. आता पोटाखालचं खोरं, म्हणजे बाउल, खाली सोडा. पुढचं झाकण उचला. पातं जमिनीत घुसलं, मशीन अडखळलं, इंजिनाचा आवाज खोल गेला. इथं थांबायचं नाही. मागून पुशर येतोय. मान वळवू नका, पाठ टेकवू नका, दात मिटा.

धाड!

कवटीपासून माकडहाडापर्यंत पोचला ना? हाच धक्का. आता दोन इंजिनं एका मातीला भिडली आहेत. खोऱ्यात माती उकळल्यागत वर येते, कडांवरून सांडते. अर्ध्या मिनिटाचा हा गोंधळ आहे, पण यातच ऑपरेटरची परीक्षा. पातं फार खोल गेलं तर पुशरच्या साखळ्या जागच्या जागी फिरतात. फार वर राहिलं तर अर्धं खोरं घेऊन जाल आणि फोरमन वरून बघत असेल. घड्याळ, काटा, काही उपयोगाचं नाही. बुडाखालून जे कळतं ते खरं. भरलं की झाकण पाडा, खोरं उचला आणि हॉल रोडला, म्हणजे माती वाहायच्या रस्त्याला, लागा.

उतारावर भरलेलं मशीन आपल्या मनानं धावू पाहतं. ब्रेकवर फार भरवसा ठेवू नका. वेळ आलीच तर खोरं जमिनीवर टेकवायचं, पातं माती ओरबाडतं आणि मशीन थांबतं. रस्ता खराब केला म्हणून ग्रेडरवाला शिव्या देईल, त्या ऐकायला तुम्ही जिवंत असाल. रिकामं परतताना उलट त्रास. मोठी चाकं ठेका धरतात, सीट तुम्हाला उडवते, झेलते, पुन्हा उडवते. पोटाला पट्टा आवळून बांधा. जुने लोक लुगड्याच्या फाळक्याचा बांधतात.

बांधावर पोचलात की मागची पाटी सरकवून माती पातळ पसरत न्यायची. वीतभराहून कमी जाडीचा थर. एवढाच. ऐंशी मीटरहून उंच जाणारं हे धरण वीत-वीत चढतं. गणित मांडलं तर चारशेहून जास्त थर, आणि प्रत्येक थरावर आधी डोझर, मग पाण्याचा टँकर, मग शीपफूट रोलर. त्या रोलरच्या ढोलाला लोखंडी खुरं आहेत. पहिल्या फेरीला ती मातीत पार रुततात. फेऱ्या होतील तशी खालची माती दबत जाते आणि खुरं वर येत येत शेवटी पृष्ठभागावर टपटपत चालतात. तेव्हा रोलरवाला हात उंचावतो. नव्या थराला परवानगी मिळाली.

मध्ये गाभ्याची चिकणमाती, दोन्ही अंगांना मुरूम. गाभा पाणी अडवणार, मुरूम गाभ्याला धरून ठेवणार. म्हणून तुमची खेप कुठं रिकामी करायची हे झेंडीवाला ठरवतो, तुम्ही नाही. चुकून मुरूम गाभ्यात टाकलात तर तो झेंडी फेकून तुमच्यापर्यंत धावत येईल.

लॅबचा पोरगा पातेली-तराजू घेऊन थरावर उकिडवा बसलाय. पण फोरमन त्याच्या आकड्यांची वाट बघत नाही. तो पंजाबी आहे, भाक्रा-नांगल धरणावर हात बसलेला. माती मुठीत घेतो, लाडू वळावा तशी दाबतो आणि मूठ उघडतो. गोळा फुटला, तर माती कोरडी. तळवा चिकट झाला, तर ओली. "पानी ज्यादा!" टँकरवाला गुमान पाइप बंद करतो. थोड्या वेळानं लॅबचा पोरगा तेच सांगतो, दशांश चिन्हासकट.

भोंगा. जेवण. इंजिनं थांबतात आणि कानात शिट्टी वाजत राहते. डब्यात कळण्याची भाकरी, ठेचा, कांदा. भाकरीला डिझेलचा वास लागलाय, हात कितीही धुतले तरी लागतोच. उताराच्या बाजूला बाया पाट्यांतून दगड वाहून पिचिंग, म्हणजे उताराची दगडी मढवण, करतायत. त्यांतली एक गामीत बाई वरच्या अंगाच्या गावातली, जिथं धरणाचं पाणी पसरणार आहे. दीडशेहून अधिक गावांचं असं होणार, काही पलीकडे महाराष्ट्रातली. तुमच्या हेल्परच्या मामाचं गावही त्यात आहे. तो हे भाकरी मोडत सांगतो, मग ठेचा मागतो. तुम्ही काय बोलणार? जास्तीचा ठेचा द्या.

जेवणानंतर मशीनवर चढताना आधी हात लावून बघा. उन्हात तापलेली लोखंडी सीट म्हणजे तवा नव्हे, हे मला मान्य. तवा निदान गोल असतो. शहाणे लोक बसण्यापूर्वी पाणी मारतात. तुम्ही घाईत होतात. बसलात. हेल्पर तोंड फिरवून हसतोय.

पुढच्या तासांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. भरा, धक्का, न्या, पसरा, परता. धुळीत पुढचं मशीन दिसत नाही तेव्हा त्याच्या धुराच्या वासावरून अंतर ठेवा. आभाळात पश्चिमेकडे पहिले ढग दिसतात आणि सगळ्यांचे हात वेगानं चालू लागतात. पाऊस आला की ही चिकणमाती रोलर गिळते आणि काम बसतं.

शिफ्ट संपत आली. शेवटची खेप तुम्ही जरा भरकन ओतली, खरं ना? फोरमननं बघितलं. तो चालत येतो, थरात सळई खुपसतो, अंगठ्यानं खूण धरून तुमच्यापुढे नाचवतो. वीतभराहून चार बोटं जास्त. डोझरवाल्याला बोट दाखवतो: खरवड आणि पसर पुन्हा. डोझरवाला तुमच्याकडे बघतो, त्याचंही घरी जायचं राहिलं.

तेवढ्यात दुसऱ्या शिफ्टचा ऑपरेटर बादली घेऊन पायरी चढतो. तो घाईत आहे, शहाणा आहे, आणि तुम्ही उठेपर्यंत थांबायची त्याला गरज वाटत नाही. बादलीभर पाणी सीटवर, तुमच्या पँटीसकट.