एका भुकेल्या शब्दाची कहाणी

आमच्या धर्मग्रामातील एका महाविद्यालयीन युवकाने मध्यंतरी इंग्रजी शब्दकोशातील एक शब्द आमच्यापुढे ठेवला : 'इस्यूरियन्ट'. अर्थ दिला होता भुकेला, खादाड, हावरा. "फादर, भुकेला आणि हावरा एकच कसे?" त्याने विचारले. प्रश्न साधा होता. उत्तरासाठी मात्र आम्हांला प्राचीन रोमपर्यंत मागे जावे लागले.

शब्द मूळचा लॅटिन. 'एदेरे' म्हणजे खाणे आणि त्यापासून झालेले 'एसुरिरे' म्हणजे खाण्याची इच्छा होणे. ज्या संस्कृत 'अद्' धातूपासून आपला 'अन्न' शब्द आला, तो या 'एदेरे'चा सख्खा भाऊबंद. आपली 'भूक'ही अशीच घडली आहे. 'भुज्' म्हणजे खाणे, 'बुभुक्षा' म्हणजे खाण्याची इच्छा; तीच प्राकृतातून झिजत मराठीत 'भूक' होऊन आली. दोन्ही शब्दांत पोटाची मागणी तेवढी आहे, दोषारोप नाही.

दोष चिकटवला तो माणसांनी. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आरंभी रोमन कवी जुव्हेनल याने आपल्या तिसऱ्या उपरोधिकेत, पोटासाठी रोमला आलेल्या परदेशी ग्रीकांची टिंगल केली. भुकेला ग्रीक पडेल ते काम करील, सांगाल तर आकाशातही उडेल, असा तिचा सूर. तेथे त्याने हाच शब्द वापरला.

पण त्याच शब्दाला दुसरे घरही लाभले. सन ३८२ च्या सुमारास पोप दमासस यांच्या आज्ञेवरून संत जेरोम यांनी लॅटिन शुभवर्तमानांची शुद्ध प्रत सिद्ध करण्यास आरंभ केला. तीत पवित्र मरियेच्या स्तोत्रात देव ज्या भुकेल्यांना उत्तम पदार्थांनी तृप्त करतो, ते 'एसुरिएन्तेस' आहेत. शतकानुशतके पाश्चात्त्य ख्रिस्तसभेने रोजच्या सायंप्रार्थनेत हा शब्द आदराने गाइला.

इंग्रजांपाशी भुकेसाठी स्वतःचा 'हंगर' होताच. सन १५८२ च्या ऱ्हेम्स येथील कॅथलिक नव्या कराराने आणि सन १६११ च्या राजा जेम्स यांच्या बायबलनेही मरियेच्या स्तोत्रात तोच घराचा शब्द योजला. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात लॅटिन शब्द इंग्रजीत आला तो विद्वानांच्या लेखणीतून. खऱ्या भुकेची जागा आधीच भरलेली असल्याने त्याच्या वाट्याला बहुधा थट्टा आणि हाव आली, असे आम्हांला वाटते. जुव्हेनलचा उपहासही इंग्लंडात जिवंत होता : सन १७३८ मध्ये डॉ. जॉन्सन यांनी 'लंडन' या काव्यात त्या ग्रीकाच्या जागी उपाशी फ्रेंच माणूस आणून बसवला.

पोट भरलेल्याला दुसऱ्याची भूक हाव वाटते. आम्हीही यातून सुटलो नाही. एका सणाच्या जेवणावळीत तिसऱ्यांदा ताट पुढे करणाऱ्या एका वृद्धाला आम्ही मनातल्या मनात 'हावरा' म्हटले होते. तो आदल्या दिवसापासून उपाशी होता, हे मागाहून समजले.

मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायात अंतिम न्यायाच्या प्रसंगी प्रभू स्वतःविषयी बोलतो, मला भूक लागली होती असे सांगतो. लॅटिन प्रतीत तेथे क्रियापद हेच आहे, 'एसुरिरे', आणि ते प्रथमपुरुषी आहे. युवकाला आम्ही हे दाखवले. कोशातले दोन्ही अर्थ खरे आहेत. समोरच्या माणसाला त्यांपैकी कोणता लावायचा, हे मात्र वाढणाऱ्याच्या हाती असते.