साहेबाचा उन्हाळा आणि घरचा उन्हाळा

ऋतु एकच असला तरी त्याचा अर्थ देशागणिक बदलतो. इंग्लंडांत उन्हाळा हा घराबाहेर पडण्याचा काळ होय. वऱ्हाडांत तो घरांत शिरण्याचा काळ होय. तिकडे जून महिन्यांत रात्रीं नवाच्या पुढेंही उजेड रेंगाळत असतो, आणि वर्षाचे बरेच महिने ढगांखालीं काढलेलें कुटुंब उन्हाची तिरीप दिसतांच शिदोरी बांधून हिरवळीवर अगर समुद्रकांठीं जाऊन बसतें. इकडे वैशाखांत सकाळचे नऊ वाजले न वाजले तों दारें-खिडक्या लागतात, आणि ऊन जितकें बाहेर ठेवतां येईल तितकें ठेवण्याची खटपट सुरू होते. यवतमाळ जिल्ह्यावर इंग्रजांचा अंमल होता त्या काळांत हे दोन्ही उन्हाळे एकाच गांवांत शेजारीं शेजारीं नांदले. साहेबाच्या उन्हाळ्याच्या खुणा सरकारी दप्तरांत आणि थंड हवेच्या ठिकाणच्या बंगल्यांत राहिल्या. घरच्या उन्हाळ्यानें मागें ठेविल्या त्या केवळ संवयी. परंतु संवयी हाही इतिहासाचा पुरावाच आहे, आणि कधीं कधीं तो दप्तरापेक्षां अधिक बोलका असतो.

या जिल्ह्याची घडण इंग्रजी कारकीर्दींतली. १८५३ सालीं निजामाशीं झालेल्या तहानें वऱ्हाडचा कारभार इंग्रजांच्या हातीं गेला. १८६४ सालीं यवतमाळ, दारव्हा, केळापूर आणि वणी हे तालुके मिळून एक नवा जिल्हा करण्यांत आला. तो पुढें वणी जिल्हा म्हणून ओळखला जाऊं लागला, पण त्याचें मुख्य ठाणें यवतमाळ हेंच होतें. १९०३ सालीं वऱ्हाड मध्यप्रांतास जोडला गेला. १९०५ सालच्या फेररचनेंत पुसद तालुका येऊन मिळाला आणि जिल्ह्यास यवतमाळ हें नांव पडलें. वऱ्हाडचे जुने भाग दोन : पूर्णेच्या खोऱ्यांतला सखल पयानघाट आणि दक्षिणेकडील उंचावरचा बालाघाट. यवतमाळ या बालाघाटांत, समुद्रसपाटीपासून सुमारें दीड हजार फुटांवर वसलेलें आहे. त्यामुळें अकोल्या-अमरावतीकडून येणाऱ्या पाहुण्यास येथील रात्री कांहींशा सुसह्य वाटत. दिवसाची गोष्ट मात्र निराळी. मे महिन्यांत पारा ४२ ते ४५ अंशांपर्यंत चढावा, हें या गांवास नवें नाहीं.

साहेबानें या उन्हाळ्यावर दोन उपाय योजिले होते. पहिला उपाय म्हणजे बंगला : उंच छपराचा, भोंवतीं व्हरांडा असलेला, दारांना वाळ्याच्या ताट्या लावलेला. त्या ताट्यांवर पाणी शिंपडणारा एक माणूस असे, आणि छताला टांगलेला झालरीचा पंखा दोरीनें ओढणारा दुसरा. एकाची दुपार थंड व्हावी म्हणून दोघांची दुपार घामांत जात असे. दुसरा उपाय म्हणजे डोंगर. वऱ्हाडच्या साहेबाचा डोंगर चिखलदरा. साडेतीन हजार फुटांहून उंच असलेल्या या पठाराजवळचा गाविलगड किल्ला १८०३ सालच्या डिसेंबरांत आर्थर वेलस्लीनें घेतला होता. त्याच डोंगरांत पुढें इंग्रजांनीं बंगले बांधले, कॉफीचीं झाडें लाविलीं आणि आपल्या देशाच्या हवेची आठवण जागी ठेविली. मध्यप्रांताचें सरकार तर उन्हाळ्यांत आपलें बिऱ्हाडच पचमढीस हलवीत असे.

तथापि साहेबाच्या या उन्हाळ्यांत एक उणीव होती, आणि ती न सांगणें अन्यायाचें होईल. मुलें सात-आठ वर्षांचीं झालीं कीं त्यांस शिक्षणासाठीं विलायतेस धाडण्याची या वर्गांत रीत होती. आई कधीं मुलांपाशीं राही, कधीं पतीपाशीं; पण दोन्हीकडे एकाच वेळीं राहणें तिला शक्य नव्हतें. ज्या हिरवळीवरच्या शिदोरीसाठीं जीव तुटे ती पत्रांतूनच वाचावयाची, अशी अनेकांची स्थिति होती. थंड हवा लाभली, पण घर दोन खंडांत वांटलें गेलें.

उन्हाळ्याची सुटी ही बऱ्याच अंशीं साहेबाबरोबरच आली. खुद्द इंग्लंडांतही सामान्य कुटुंबास ती सहजासहजीं मिळालेली नाहीं. १८४१ सालच्या जुलैंत टॉमस कुक यानें मद्यपानविरोधी मेळाव्यासाठीं लेस्टरहून लफबरोपर्यंत स्वस्त भाड्याची खास आगगाडी नेली. पुढें अशा गाड्यांनीं गिरणीकामगारांचीं कुटुंबें ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर जाऊं लागलीं. १८७१ सालच्या कायद्यानें ऑगस्टचा पहिला सोमवार सुटीचा ठरला, आणि पगारी रजेचा कायदा होण्यास १९३८ साल उजाडलें.

वऱ्हाडच्या शेतकऱ्याच्या वर्षांत सणाचे दिवस होते, पण सुटी नव्हती. पोळ्याला बैलाच्या खांद्यावरचें जूं उतरे. सालगड्याचें साल मात्र पाडव्याला संपे आणि लगेच नवें लागे. उन्हाळा म्हणजे शेत वखरण्याचे, काडीकचरा वेंचण्याचे, छपरावरचे कवेलू फेरण्याचे दिवस. मे महिन्याची सुटी आली ती शाळा आणि दिवाणी न्यायालयें यांच्या पाठोपाठ, आणि ती प्रथम मिळाली वकील, मास्तर, कारकून आणि विद्यार्थी यांच्या घरांना. कापसाचा हंगाम सरून जिनांची धडधड थांबलेली असे. त्यामुळें अडत्यांच्या गाद्यांवरही थोडा निवांतपणा उतरे.

ही सुटी सरकारची खरी. पण ती कशी घालवावी हें सरकारनें शिकविलें नाहीं. तें घरानें आपल्या जुन्या भांडवलावर ठरविलें. सरकारी सुटीच्या कित्येक पिढ्या आधीं मराठी घराला एकच रजा ठाऊक होती. ती म्हणजे माहेर. सासरच्या संमतीनें मिळणारी, मुदत ठरलेली, आणि मुदत संपतांच हजर व्हावें लागणारी अशी ती रजा होती. शाळेची सुटी आली तेव्हां ती या माहेरपणाच्या सांच्यांत अलगद बसली. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास लेकी मुलांसह येत, आणि आजोळचें घर एकदम दुप्पट होई.

या घराचा दिवस उन्हाच्या सोयीनें आंखलेला असे. पहांटेस अंगणांत सडा पडे. कोंवळ्या उन्हांत शेवया, कुरडया, पापड, सांडगे आणि ज्वारीचे धापोडे बाजेवरच्या धोतरांवर पसरले जात, आणि राखणीला हातांत काठी दिलेलें एखादें मूल बसविलें जाई. तें राखण किती करी आणि ओल्या पापड्या किती खाई, याचा हिशेब कोणी ठेवीत नसे. दहाच्या आंत जेवणें उरकत. मग सारवलेल्या माजघरांत अंधार करून मोठीं माणसें पडत, मुलें पत्ते आणि सोंगट्या मांडीत, आणि कोपऱ्यांतल्या रांजणाचें पाणी वाळ्याच्या वासानें गार लागे. चार वाजतां पन्हें. रात्रीं आंब्याच्या रसाबरोबर सरगुंडे. त्यानंतर अंगणांत बाजा पडत, ओसरीवरची बंगई कुरकुरत राही, आणि आकाशांतले सप्तर्षि दाखवितां दाखवितां आजोबाच आधीं झोंपीं जात.

सहली होत त्याही याच हिशेबानें. इंग्रज कुटुंबाची सहल दुपारच्या उन्हासाठीं निघे. यवतमाळची सहल दुपार टाळण्यासाठीं निघे. पहांटे तीन-चारला दमणी जुंपली जाई. शेत जवळ असेल त्यांच्यासाठीं आमराई होती. तेथें गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत रोडगे भाजावयाचे, वांग्यांची भाजी रटरटत ठेवावयाची, आणि पळसाच्या पत्रावळीवर जेवून दिवसभर सांवलीला लोळावयाचें. कोणी कळंबला चिंतामणीच्या दर्शनास जाई. चक्रावती नदीकांठच्या या देवळांत जमिनीच्या पातळीखालीं पायऱ्या उतरून जावें लागतें. त्यामुळें देवदर्शन आणि गारवा एकाच वेळीं पदरांत पडे. तेथील कुंडाचें पाणी कित्येक वर्षांनीं एकदां चढून देवाच्या पायांस लागतें, असें लोक सांगतात, आणि ती कथा प्रत्येक उन्हाळ्यांत मुलांना नव्यानें ऐकावयास मिळे. वर्धा आणि पैनगंगा या नद्यांच्या आटलेल्या पात्रांत ढीवर-भोयांनीं लाविलेल्या टरबुजांच्या वाड्या, हेंही एक जाण्याचें ठिकाण होतें. पैनगंगेपलीकडे माहूरची रेणुका अनेक घरांची कुलस्वामिनी.

विसाव्या शतकाच्या आरंभीं यवतमाळ-मूर्तिजापूर ही अरुंद रुळांची आगगाडी सुरू झाली. ती आणली कापसासाठीं. लोकांनीं ती वापरली माहेरासाठीं. ११३ किलोमीटरांचा हा प्रवास गाडी सावकाशपणें करी. तिला लोकांनीं शकुंतला असें नांव दिलें, आणि मँचेस्टरला १९२१ सालीं तयार झालेलें तिचें एक वाफेचें इंजिन १९९४ पर्यंत चालत राहिलें. पुढें ती गाडीही बंद पडली.

या चित्रांत सुख आहे. पण त्या सुखाची किंमत कोण देत होतें, हा प्रश्न इतिहासाला टाळतां येत नाहीं. सुटीच्या त्या घरांत सर्वांना सुटी होती. चुलीपुढच्या बाईला नव्हती. माहेरीं आलेली लेक दोन महिने विसांवा घेई खरी, परंतु तेवढ्यासाठीं त्याच घरांतली सून पहांटेपासून खपत असे, आणि तिचें माहेरपण पुढें ढकललें जाई. विहिरीचें पाणी खोल जाई तसतसा दोर लांबे. वर्षभराचें वाळवण या दोन महिन्यांत उरकावयाचें, दुप्पट झालेलें घर जेवूं घालावयाचें, आणि वर हंसतमुख राहावयाचें, हा त्या उन्हाळ्याचा न लिहिलेला करार होता. बंगल्यांतला पंखा ओढणारा निदान पगारपत्रकांत तरी सांपडतो. ही बाई कोणत्याही पत्रकांत नाहीं.

दुसरी किंमत जंगलानें आणि जंगलांतल्या माणसांनीं दिली. सहलीवरून परततांना मुलांच्या खिशांत चारोळ्या आणि टेंभरें असत. शहरच्या घराला तो रानमेवा होता. कोलाम आणि गोंड कुटुंबांना तेंच उन्हाळ्याचें पोट होतें. चैत्रांत पहांटेच्या काळोखांत मोहफुलें वेंचावयाचीं, वैशाखांत तेंदूचीं पानें तोडावयाचीं, आणि त्यावर पावसाळा येईपर्यंत गुजराण करावयाची. ज्या रानांत हें सर्व चाले तें सरकारनें राखीव केलें होतें. गवताला परवाना, लाकडाला परवाना, गुरें चारण्याला शुल्क. साहेबाला तें जंगल शिकारीचें आणि उत्पन्नाचें होतें. शहरच्या कुटुंबाला तें एका दिवसाच्या करमणुकीचें होतें. तेथें राहणाऱ्याला तें रोजच्या गरजेचें होतें, आणि त्याच्यावरच पहारा होता.

ही गोष्ट यवतमाळच्या सुशिक्षित घरांना फार काळ न दिसती राहिली नाहीं. १९३० सालीं देशभर मिठाचा कायदा मोडला जात होता, परंतु या जिल्ह्याला समुद्र नाहीं. तेव्हां वणीस जन्मलेले आणि यवतमाळांत वकिली केलेले लोकनायक बापूजी अणे यांच्या नेतृत्वाखालीं १० जुलै १९३० रोजीं पुसद येथें जंगल सत्याग्रहास आरंभ झाला. परवान्यावांचून राखीव रानांतलें गवत कापणें, एवढाच तो कायदेभंग होता. सुटी संपून न्यायालयें उघडलीं होतीं, आणि न्यायालयांत उभा राहणारा वर्ग विळा हातीं घेऊन रानांत उतरला. ज्या रानाची ओळख सहलीनें झाली होती, त्या रानाचा हक्क मागण्यापर्यंतचें अंतर या समाजानें त्या वेळीं तोडलें. अर्थात् हक्काचा प्रश्न एका सत्याग्रहानें सुटला नाहीं, आणि तो स्वातंत्र्यानंतरही दीर्घकाळ राहिला.

साहेब १९४७ सालीं गेला. पंखा ओढणारा त्याच्याही आधीं विजेनें घालविला होता, आणि वाळ्याच्या ताट्यांचीच युक्ति घेऊन पुढें लोखंडी पेटीचा कूलर घरोघरीं आला. अंगणें आंखडलीं, बाजा गेल्या. तरीही दोन गोष्टी टिकल्या. उर्वरित महाराष्ट्रांत शाळा जूनच्या मध्याला उघडतात, विदर्भांतील शाळा मात्र त्यानंतरही कांहीं दिवस बंद असतात. ऊन अजून सरकारी वेळापत्रकालाही आपलें ऐकावयास लावतें. आणि पाणी ही अजूनही या ऋतूची खरी संपत्ति आहे. यवतमाळ शहराला पाणी देणारे निळोणा आणि चापडोह हे जलाशय एरव्हीं फिरावयास जाण्याचीं ठिकाणें. पण २०१८ च्या उन्हाळ्यांत शहरानें पाण्याची तीव्र टंचाई सोसली, तेव्हां त्याच पाण्यासाठीं घागरींच्या रांगा लागल्या, आणि त्या रांगांत पुन्हां बहुतेक बायकाच उभ्या होत्या.

साहेबानें उन्हाळ्यापासून दूर जाण्याचा मार्ग शोधला. घरानें उन्हाळ्यांत राहण्याचा मार्ग शोधला. दुसरा मार्ग अधिक शहाणपणाचा होता, यांत संशय नाहीं. मात्र त्या शहाणपणाचें कौतुक करतांना, सांवली कोणाच्या वांट्याला आली आणि ऊन कोणीं सोसलें, हेंही त्याच पानावर लिहून ठेवलें पाहिजे.