न लागलेल्या कुस्तीची कुळकथा

२० जानेवारी १९७० रोजी अमेरिका, कॅनडा आणि युरोपातल्या सुमारे दीड हजार चित्रपटगृहांत लोक तिकीट काढून एक मुष्टियुद्ध बघायला बसले. लढणारे दोघेही हेवीवेट गटाचे जगज्जेते होते आणि तोवर दोघेही एकदाही हरले नव्हते. एक रॉकी मार्सियानो, दुसरा मुहम्मद अली. मार्सियानोने १९५६ साली निवृत्ती घेतली तेव्हा अली १४ वर्षांचा पोरगा होता. पडद्यावर मात्र मार्सियानोने तेराव्या फेरीत अलीला लोळवलं. खरं तर मार्सियानो त्याआधी साडेचार महिने, ३१ ऑगस्ट १९६९ रोजी, विमान अपघातात गेला होता. निकाल ठरवला होता एका संगणकाने.

दोन वेगळ्या काळांतल्या दोन पैलवानांची जोड मनातल्या मनात लावायची, हा खेळ आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की त्याला काही सुरुवात असेल असं वाटतच नाही. विरारच्या गाडीत रोजच्या ग्रुपमध्ये वसई रोडला तो सुरू होतो आणि अंधेरी आली तरी मिटत नाही. अलीपुढे माईक टायसन किती फेऱ्या टिकला असता? गामाच्या हाती दारासिंग सापडला असता तर? या वादांना मी वेळ घालवणं मानत नाही. माणसं जिथे खऱ्या निकालाविना राहून गेली, नेमक्या त्याच जागी हे वाद उगवतात, असं मला त्यांचा इतिहास चाळताना दिसत गेलं.

मुष्टियुद्धात ती जागा स्पष्ट दाखवता येते, कारण हेवीवेटची गादी हातोहात जाते. जगज्जेत्याला हरवेल तो पुढचा जगज्जेता. जॉन एल. सुलिव्हनला १८९२ साली जेम्स कॉर्बेटने हरवलं, कॉर्बेटला १८९७ मध्ये बॉब फिट्झसिमन्सने, फिट्झसिमन्सला १८९९ मध्ये जेम्स जेफ्रीजने. एवढं होईस्तोवर कुणाला कल्पनेत लढती लावण्याची गरज नव्हती. कोण मोठा ते रिंगणातच कळत होतं. १९०५ साली जेफ्रीज न हरता बाजूला झाला आणि साखळी तुटली.

२६ डिसेंबर १९०८ला सिडनीत जॅक जॉन्सनने टॉमी बर्न्सला हरवून गादी घेतली. हेवीवेटचा तो पहिला कृष्णवर्णीय जगज्जेता. गोऱ्या अमेरिकेला ते सोसवेना. मग एकच धोशा सुरू झाला : जेफ्रीज असता तर याची खोड मोडली असती. माझ्या मते काळ ओलांडून लावलेली पहिली मोठी जोड ती हीच. तिच्या मुळाशी खेळाचं कुतूहल नव्हतं, वर्णद्वेष होता, हे कुळकथा सांगताना झाकून चालणार नाही. लोकांनी जेफ्रीजला शेतावरून ओढून आणलं. त्याने अंगावर चढलेलं सुमारे ४५ किलो वजन उतरवलं आणि ४ जुलै १९१० रोजी रेनो शहरात वयाच्या ३५व्या वर्षी तो जॉन्सनपुढे उभा राहिला. पंधराव्या फेरीत खेळ संपला. त्या रात्री अमेरिकेतल्या अनेक शहरांत दंगली झाल्या, माणसं मेली. १९१२ साली तर मुष्टियुद्धाच्या फिल्म एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्यावरच कायद्याने बंदी आली. जेफ्रीज पडलेला कुणी पुन्हा पाहू नये, हीच त्यामागची खरी इच्छा होती.

कल्पनेतली जोड खरोखर लागली की काय होतं, ते रेनोने दाखवलं. नंतर ते पुन्हा पुन्हा दिसलं. जो लुईस १९४९ साली जगज्जेता म्हणूनच निवृत्त झाला, कराच्या थकबाकीने त्याला परत आणलं आणि २६ ऑक्टोबर १९५१ला तरुण मार्सियानोने आठव्या फेरीत त्याला दोरांबाहेर फेकलं. लुईस मार्सियानोचा आदर्श होता. जिंकल्यावर मार्सियानो रडला, असं सांगतात. २ ऑक्टोबर १९८०ला ३८ वर्षांचा अली त्याच्याच जुन्या सराव-जोडीदारापुढे, लॅरी होम्सपुढे, उभा राहिला आणि दहा फेऱ्यांनंतर त्याच्या गुरूने लढत थांबवली. या तिन्ही लढतींतून दोन काळांची तुलना काडीचीही झाली नाही. तरुण शरीर म्हाताऱ्या शरीराला हरवतं, एवढंच सिद्ध झालं. जुना वीर त्याच्या भर उमेदीच्या वर्षासकट हवा असेल, तर तो फक्त कल्पनेतच मिळतो.

त्या कल्पनेचा पहिला कारभारी म्हणजे नॅट फ्लायशर. १९२२ साली ‘द रिंग’ हे मासिक त्याने काढलं आणि पुढची पन्नास वर्षं कोण सर्वश्रेष्ठ याच्या याद्या केल्या. त्याच्या यादीत हेवीवेटमध्ये पहिला जॅक जॉन्सन, दुसरा जेफ्रीज. १९७१च्या यादीत पहिल्या दहांत अली नाहीच. फ्लायशर अडाणी नव्हता, त्याच्याइतक्या लढती क्वचितच कुणी पाहिल्या असतील. पण आपण विशीत ज्यांना पाहिलं ते मोठे वाटतात, हे त्यालाही टळलं नाही.

१९६७ साली मायामीचा रेडिओ निर्माता मरी वोरोनर म्हणाला, माणसांच्या आठवणी बाजूला ठेवू, यंत्राला विचारू. त्याने १६ जगज्जेते निवडले, जाणकारांकडून आणि पत्रकारांकडून प्रत्येकाच्या वेगाचे, ठोशाचे, मार खाण्याच्या ताकदीचे, धैर्याचे गुण मागवले आणि ते सगळे एनसीआर ३१५ या संगणकात भरले. निकालावर नाट्य रचून रेडिओवर धावतं वर्णन ऐकवलं गेलं, जणू लढत समोर चालली आहे. अंतिम सामन्यात मार्सियानोने जॅक डेम्प्सीला तेराव्या फेरीत हरवलं. अली त्याआधीच जेफ्रीजकडून बाद झाला होता.

अली खवळला, आणि त्याचं खवळणं रास्त होतं. व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात जायला नकार दिला म्हणून त्याच वर्षी त्याची गादी आणि लढण्याचे परवाने काढून घेतले होते. खऱ्या रिंगणातून बाहेर काढलेल्या माणसाला आता काल्पनिक रिंगणातही हरवलं जात होतं. त्याने दहा लाख डॉलरचा बदनामीचा दावा ठोकला. तडजोडीतून चित्रपटाची कल्पना निघाली : अली आणि मार्सियानो यांनी कॅमेऱ्यापुढे लढायचं, निकाल संगणक देईल.

१९६९च्या उन्हाळ्यात मायामीच्या स्टुडिओत त्यांनी एकेका मिनिटाच्या सत्तरच्या आसपास फेऱ्या चित्रित केल्या. ४५ वर्षांच्या मार्सियानोने त्यासाठी वीसेक किलो वजन उतरवलं, डोक्यावर टोप चढवला. शेवट अनेक तऱ्हांनी चित्रित केले होते, त्यातला कुठला पडद्यावर येणार हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. अमेरिकेत मार्सियानो जिंकला. अटलांटिकच्या अलीकडे दाखवलेल्या एका प्रतीत मात्र मार्सियानोच्या जखमांमुळे लढत थांबली आणि अली जिंकला. एकाच लढतीचे प्रेक्षकांप्रमाणे दोन निकाल!

मला यातली सर्वांत बोलकी गोष्ट तेरावी फेरी वाटते. २३ सप्टेंबर १९५२ला मार्सियानोने जर्सी जो वॉलकॉटकडून गादी जिंकली, ती गुणांत मागे असताना तेराव्या फेरीत मारलेल्या उजव्या ठोशाने. तो ठोसा मुष्टियुद्धाच्या प्रत्येक जाणकाराच्या डोळ्यांसमोर होता. संगणकाने १९६७ साली डेम्प्सीला तेराव्यात पाडलं, १९७० साली अलीलाही तेराव्यातच. आडात तेच होतं, म्हणून पोहऱ्यातही तेच आलं. यंत्राने भविष्य वर्तवलं नाही, त्याने पत्रकारांची आठवण त्यांनाच परत ऐकवली.

पडद्यावरच्या या लढतीने पुढच्या सगळ्या काल्पनिक जोडींचं रूप ठरवलं. तिच्यात तुटलेल्या साखळीची दोन टोकं समोरासमोर आली होती. मार्सियानो ४९ पैकी ४९ लढती जिंकून निघून गेला होता, अलीला न हरवता काढून टाकलं होतं. ८ मार्च १९७१ला जो फ्रेझरने अलीला पंधरा फेऱ्यांत हरवलं. ते चित्रपटाच्या आधी घडलं असतं तर तिकिटं इतकी खपलीच नसती.

वजनाचा प्रश्न या वादात कुणी काढत नाही, पण तो काढायला हवा. मार्सियानोचं लढतीचं वजन ८४-८५ किलो. आज हेवीवेट सुरू होतं ९०.७ किलोच्या वर. त्याच्या बांध्याच्या माणसांसाठी क्रूझरवेट हा वेगळा गट १९८०च्या सुमाराला निघाला. आजच्या काळातल्या हेवीवेट टायसन फ्युरीची उंची २०६ सेंटिमीटर, वजन मार्सियानोपेक्षा तीस किलोंहून जास्त. पण तेवढ्यावर निकाल लावायचीही घाई नको. मे २०२४ मध्ये क्रूझरवेटमधून वर आलेल्या ओलेक्झांडर उसिकने त्याच फ्युरीला हरवलं. शिवाय १९८०च्या दशकात लढती पंधरावरून बारा फेऱ्यांवर आल्या. तेराव्या फेरीचा मार्सियानो आजच्या नियमांत तेराव्या फेरीपर्यंत पोहोचलाच नसता.

आपल्याकडे हीच गोष्ट मातीत घडली. १० सप्टेंबर १९१० रोजी लंडनमध्ये गामा आणि पोलंडचा झिबिस्को यांची कुस्ती अडीच तासांहून जास्त चालली. झिबिस्को बहुतेक वेळ पोटावर पडून राहिला, चीत झाला नाही, आणि कुस्ती बरोबरीत सुटली. पुढच्या आठवड्यात फेरकुस्तीला तो आलाच नाही. निकाल लागायला जानेवारी १९२८ उजाडला. पतियाळात गामाने त्याला मिनिटाच्या आत अस्मान दाखवलं. त्याच वर्षाच्या शेवटी दारासिंग जन्मला, म्हणून गामा विरुद्ध दारासिंग हा वाद कायमचा लोकांच्या तोंडी राहिला. आता १९१०ची ती कुस्ती आजच्या मॅटवर लावून पाहा. तीन-तीन मिनिटांचे दोन डाव, निष्क्रिय राहणाऱ्याविरुद्ध गुण. पोटावर पडून राहिलेला झिबिस्को सहा मिनिटांत गुणांवर हरला असता. पैलवान तेच, जोर तोच, फक्त नियम बदलला की बरोबरीचा विजय होतो.

खाशाबा जाधवांना हा फरक अंगावर सोसावा लागला. कोल्हापूरच्या मातीत घडलेला हा मल्ल १९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मॅटवर उतरला तेव्हा ते अंथरूण त्याला नवखं होतं, तरी तो सहावा आला. चार वर्षांत त्याने नवी रीत आत्मसात केली आणि १९५२ साली हेलसिंकीत स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक, कांस्य, मिळवलं. एका काळातला गडी दुसऱ्या काळात टिकेल का, या प्रश्नाला मी खाशाबांचं नाव पुढे करतो. चार वर्षांची मुदत द्या, मग विचारा.

महाराष्ट्र केसरीत तर हे दोन काळ आजही प्रत्यक्ष भिडतात. माती विभागाचा विजेता आणि गादी (म्हणजे मॅट) विभागाचा विजेता यांच्यात अंतिम कुस्ती होते. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात गादीचा शिवराज राक्षे आणि मातीचा महेंद्र गायकवाड समोरासमोर आले, राक्षे जिंकला. जुनी रीत विरुद्ध नवी रीत, तीही भर उमेदीतल्या दोन पोरांकडून : वोरोनरला जे यंत्रातून काढावं लागलं, ते इथे खऱ्या घामातून मिळतं.

वसई-विरारकडे मनातल्या जोडी लावायच्या खेळाची शास्त्रीय शाखा आली ती पत्त्यांतून. १९९०च्या दशकात केबल घरोघर पोचली आणि नालासोपाऱ्याच्या चाळींच्या गॅलरीत, विरारच्या नव्या इमारतींच्या जिन्यांवर पोरं डब्ल्यूडब्ल्यूएफची ट्रम्प कार्डं घेऊन बसू लागली. पत्त्यावर कुस्तीगिराचा फोटो, खाली रँक, उंची, वजन, छाती, बायसेप. ज्याचा आकडा मोठा त्याने दुसऱ्याचं कार्ड घ्यायचं. हा प्रकार ब्रिटनमध्ये १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात निघालेल्या टॉप ट्रम्प्स या पत्त्यांवर बेतलेला. वोरोनरने संगणकात भरलेले गुण दहा वर्षांच्या पोरांच्या मुठीत आले होते. मला वाटतं, आमच्या पिढीची वाद घालण्याची पद्धत तिथेच घडली. मोठी माणसं ‘तो गडीच वेगळा होता’ म्हणत, आम्ही आकडा विचारू लागलो.

आणि मग विरारला स्वतःचा आकडा मिळाला. सचिन तेंडुलकर १६ नोव्हेंबर २०१३ला वानखेडेवर शेवटचं खेळून निवृत्त झाला. चार दिवसांनी, एकेकाळी विरारहून बॅट-किट पाठीवर टाकून गाडीने ये-जा केलेल्या पृथ्वी शॉने हॅरिस शिल्ड या मुंबईच्या शालेय स्पर्धेत ३३० चेंडूंत ५४६ धावा केल्या. त्या आठवड्यात आमच्या डब्यात दुसरा विषय नव्हता. २०१८ साली राजकोटला पदार्पणाच्या कसोटीत त्याने १३४ केल्यावर तो विषय पुन्हा निघाला. कसोटी, संघ, काळ यांची तुलना करायला गेलं तर हाती काही लागत नाही. पण हॅरिस शिल्डची तुलना करता येते, आणि इतकी स्वच्छ जोड मी दुसरीकडे पाहिलेली नाही. फेब्रुवारी १९८८ मध्ये शारदाश्रम शाळेच्या सचिन आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची अखंड भागीदारी केली. सचिन नाबाद ३२६, कांबळी नाबाद ३४९. स्पर्धा तीच, आझाद मैदान तेच, आणि त्या दिवशी सचिनचं वय १४, पृथ्वीचंही १४. वजन, नियम, वय, सगळं जुळतं.

पृथ्वी ५४६वर बाद झाला. शारदाश्रमचा डाव मात्र २ बाद ७४८वर घोषित केला गेला. त्यांचे प्रशिक्षक आचरेकर सर डाव घोषित करा म्हणून निरोप धाडत होते आणि पोरं सीमारेषेकडे बघायचंच टाळत होती. म्हणजे एक डाव निकालापर्यंत गेला आणि दुसरा थांबवला गेला. मार्सियानो जिथे थांबला, अलीला जिथे थांबवलं, तसाच. म्हणून विरारच्या गाडीत ‘सचिन मोठा की पृथ्वी’ असं आता कुणी विचारत नाही. विचारतात ते असं : आचरेकरांचा निरोप पोचलाच नसता, तर त्या संध्याकाळी सचिन कितीवर असता?