पेन्सिलीने लिहिलेले उच्चार

आपण आठवीत गेलो ते १९९३ साल. त्या वर्षी आपल्या शाळेत पहिल्यांदा सेमी-इंग्रजीची तुकडी निघाली. गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी सगळे विषय मराठीतून. सातवीपर्यंत लसावि-मसावि काढणारे आपण जूनमध्ये एकदम एलसीएम-एचसीएफ काढू लागलो. शिकवणारे सर मात्र तेच होते. मागच्या मार्चपर्यंत ते 'जडत्व' आणि 'वस्तुमान' शिकवत होते.

एकदा सरांनी मला शिक्षकांच्या खोलीतून त्यांचे विज्ञानाचे पुस्तक आणायला पाठवले. येताना मी ते उघडून पाहिले. समासात पेन्सिलीने, बारीक देवनागरी अक्षरांत, इंग्रजी शब्दांचे उच्चार लिहून ठेवले होते. 'व्हॅक्यूम', 'इक्विलिब्रियम', काही ठिकाणी तर अख्खे वाक्य. मधल्या सुट्टीत मी हे मैत्रिणींना सांगितले आणि शाळा सुटेपर्यंत ते वर्गभर झाले. पुढे कितीतरी दिवस सर असा एखादा शब्द उच्चारायला लागले की मागच्या बाकावरून कोणीतरी तो आधीच म्हणायचे, आणि वर्ग हसायचा. सर एकदाही रागावले नाहीत. ही बातमी कोणी फोडली ते त्यांना कळले होते की नाही, मला ठाऊक नाही. आज मी ते इथे छापून सांगते आहे.

स्मरणिका समितीने मला 'काँप्युटरविषयी काहीतरी लिही' असे सांगितले होते. पण गेली काही वर्षे डोक्यात दुसराच प्रश्न आहे. दोन भाषांतून शिकवायला शिक्षकाला कोण शिकवते? मी इतिहासाची अभ्यासक नाही. तरी जे वाचले ते सांगावेसे वाटते.

हा प्रश्न मला पडला तो परदेशात. कंपनीच्या कामासाठी आम्ही दोन वर्षे कॅलिफोर्नियात होतो. मुलीच्या शाळेत इंग्रजी-स्पॅनिश अशा दोन भाषांचे वर्ग होते. तिथल्या एका शिक्षिकेकडून कळले की अशा वर्गावर शिकवायचे तर नुसता शिक्षकाचा परवाना पुरत नाही, द्विभाषिक अध्यापनाची वेगळी पात्रता मिळवावी लागते. पदवीनंतरच्या प्रशिक्षणात त्या भाषेतून विषय कसा शिकवायचा, मूल एका भाषेतले ज्ञान दुसऱ्या भाषेत कसे नेते, हे सगळे असते. मी म्हटले, "आमच्याकडेही असे वर्ग होते." त्यांनी सहज विचारले, "मग तुमच्या शिक्षकांचे प्रशिक्षण कुठे झाले?" माझ्या डोळ्यांसमोर पेन्सिलीची अक्षरे आली.

अमेरिकेत ही व्यवस्था भांडून उभी राहिली. १९६८ मध्ये तिथे द्विभाषिक शिक्षणाचा पहिला केंद्रीय कायदा झाला. १९७४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोमधल्या चिनी विद्यार्थ्यांचा 'लाऊ विरुद्ध निकोल्स' हा खटला सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. इंग्रजी न येणाऱ्या सुमारे १८०० मुलांना शाळेत भाषेची काहीच जादा मदत मिळत नव्हती. सर्वांना तेच पुस्तक आणि तोच शिक्षक दिला म्हणजे समान वागणूक झाली, असे होत नाही, असे न्यायालयाने एकमताने सांगितले. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी आणि त्या विषयातल्या पदव्युत्तर अभ्यासवृत्तींसाठी पैसा उपलब्ध झाला. पुढे १९९८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी असे वर्ग जवळजवळ बंद केले आणि २०१६ मध्ये पुन्हा मोकळे केले. वर्ग उघडायला मतदानाचा एक दिवस पुरला, पण त्यांवर शिकवणारे प्रशिक्षित शिक्षक पुरेसे मिळेनात. मधल्या १८ वर्षांत ती फळीच बारीक झाली होती.

परत आल्यावर मी आपल्या इकडचे शोधू लागले, आणि सुरुवातीलाच बाळशास्त्री जांभेकर भेटले. आपण त्यांना 'दर्पण'कार म्हणून पाठ केले होते. ६ जानेवारी १८३२ ला निघालेल्या 'दर्पण'मध्ये मराठी आणि इंग्रजी मजकुराचे दोन स्तंभ शेजारी शेजारी असत. ते वाचताना मला आपल्या सरांचा फळा आठवला. मधोमध उभी रेघ, डावीकडे 'हायपोटेन्यूज', उजवीकडे 'कर्ण'. हेच बाळशास्त्री पुढे एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये गणित शिकवत, आणि १८४५ मध्ये शिक्षक तयार करणाऱ्या नॉर्मल वर्गाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. दोन्ही भाषांत सहज वावरणारा माणूस शिक्षकांचा शिक्षक झाला, ही केवढी चांगली सुरुवात होती! पण १८४६ मध्ये, पस्तिशीही न गाठता, ते गेले.

त्याच सुमारास मुंबईच्या शिक्षण मंडळात मोठा वाद चालू होता. अध्यक्ष अर्स्किन पेरी यांचा कल इंग्रजीकडे होता. कर्नल जॉर्ज जर्व्हिस आणि मंडळाचे तिन्ही एतद्देशीय सभासद, म्हणजे जगन्नाथ शंकरशेट, फ्रामजी कावसजी आणि महंमद इब्राहिम मकबा, देशी भाषांच्या बाजूचे होते. नाना शंकरशेटांना इंग्रजीचे वावडे नव्हते. पण सर्वसामान्य माणसापर्यंत ज्ञान पोहोचायचे तर ते त्याच्याच भाषेतून लवकर पोहोचेल, हे त्यांचे म्हणणे होते. अखेर खालचे शिक्षण देशी भाषेतून आणि वरचे इंग्रजीतून असा मधला मार्ग निघाला.

मला सगळ्यात नवल वाटले ते १८५४ च्या वुडच्या खलित्याचे. मॅट्रिकच्या इतिहासात तो 'इंग्रजी शिक्षणाचा मॅग्ना कार्टा' म्हणून येई आणि आपण तो तेवढाच लक्षात ठेवला. त्यात असेही म्हटले आहे की देशी भाषेतून शिकवणाऱ्या शिक्षकाला इंग्रजी यावी, म्हणजे नवे ज्ञान तो तिथून घेऊन आपल्या भाषेत पोहोचवेल. शिक्षक-प्रशिक्षणाच्या शाळा काढाव्यात, हेही त्यात आहे. म्हणजे दोन भाषांमध्ये ये-जा करणारा शिक्षक १८५४ मध्येच कागदावर आला होता.

पण पदवीधरांचे प्रशिक्षण आले ते फार उशिरा. १८८२ च्या हंटर आयोगाने पदवीधरांसाठी वेगळा, कमी मुदतीचा अभ्यासक्रम सुचवला. १९०४ च्या लॉर्ड कर्झनच्या ठरावात प्रशिक्षणावर भर होता, आणि मातृभाषेचा पाया पक्का झाल्याशिवाय मुलाला इंग्रजी शिकवू नये असेही होते. १९०६ मध्ये मुंबईत सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज सुरू झाले. तिथे तयार होणारे पदवीधर हायस्कुलात इंग्रजीतून शिकवण्यासाठी तयार होत, कारण वरच्या वर्गांचे माध्यम तेव्हा इंग्रजीच होते. मग वारे फिरले. हळूहळू हायस्कुलांत मराठी माध्यम आले. स्वातंत्र्यानंतर बाळासाहेब खेरांच्या काळात तर इंग्रजी विषयच आठवीपासून सुरू होऊ लागला.

इथे क्षणभर थांबा आणि त्या काळच्या शिक्षकाचा विचार करा. त्याने पदार्थविज्ञान इंग्रजीतून शिकलेले, प्रशिक्षण इंग्रजीतून घेतलेले, आणि आता तेच मराठीतून सांगायचे. 'इनर्शिया'ला काय म्हणायचे, हे त्याने कुठल्या समासात लिहून ठेवले असेल? आपल्या आजी-आजोबांच्या सरांची अडचण आपल्या सरांच्या अडचणीची आरशातली प्रतिमा होती. माध्यम दोनदा उलटसुलट झाले, आणि दोन्ही वेळा बदलाचा भार शिक्षकाने घरी, रात्री, एकट्याने उचलला.

गेल्या दिवाळीत मी सरांना भेटायला गेले होते. बी.एड.चा विषय काढला. ते म्हणाले, "आमच्या वेळी दोन अध्यापन पद्धती घ्याव्या लागत. मी गणित आणि विज्ञान घेतलं. पाठाची टाचणं, सराव पाठ, फळ्याचा वापर, सगळं शिकलो. सगळं मराठीत. पुढे सेमीचा वर्ग दिला तेव्हा मे महिना हातात होता. शब्दकोश आणला आणि बसलो." मी विचारले, "सर, कुठलं शिबिर वगैरे?" ते हसले आणि म्हणाले, "तू चहा घे."

आता थोडे बदलले आहे. २०१४ च्या नव्या नियमांनंतर बी.एड. दोन वर्षांचे झाले, आणि अभ्यासक्रमात प्रत्येक विषयाच्या शिक्षकासाठी 'अभ्यासक्रमातील भाषा' हा घटक आला. गणिताचा शिक्षक असो वा भूगोलाचा, आपण भाषाही शिकवत असतो हे त्याला सांगितले जाते. ही कल्पना इंग्लंडमध्ये १९७५ च्या बुलक अहवालाने मांडली होती. चांगलीच गोष्ट आहे. पण एक घटक म्हणजे सेमी-इंग्रजीच्या वर्गाची पूर्ण तयारी नव्हे. आज आपल्यापैकी काही जण शाळांच्या संचालक मंडळांवर आहेत, दोघी-तिघी स्वतः शिक्षिका आहेत. त्यांना एवढेच सांगणे आहे की नवी तुकडी काढण्याचा ठराव आणाल तेव्हा त्याच कागदावर शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे कलमही घाला. आमच्या धंद्यात नवी प्रणाली बसवताना ती वापरणाऱ्यांच्या प्रशिक्षणाचे दिवस आधी धरतात. ते धरले नाहीत तर काय होते, ते मी पुष्कळदा पाहिले आहे.

आणि सर, एक तुम्हाला. पहिल्या नोकरीत परदेशी ग्राहकांबरोबरच्या बैठकीआधी मी डायरीत इंग्रजी शब्दांचे उच्चार देवनागरीत लिहून घेत असे. पेन्सिलीनेच, म्हणजे कोणी पाहिले तर खोडता येतील. तुम्ही मात्र ते कधी खोडले नव्हते. ते पुस्तक अजून असेल तर स्नेहसंमेलनाला घेऊन या. या वेळी मी ते सगळ्यांसमोर उघडेन, आणि त्या दिवशी का हसलो ते आम्ही तुम्हाला सांगू.