ऑक्टोबर 1962 आणि आजीची बोरमाळ

आमच्या कळंब तालुक्यातल्या घरात दर दिवाळीला एका नसलेल्या दागिन्याची गोष्ट निघते. आजीची बोरमाळ.

16 ऑक्टोबर 1962 ला केनेडींसमोर क्युबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांचे फोटो आले. 20 तारखेला चीनने नेफा आणि लडाखमध्ये एकदमच हल्ला चढवला. म्हणजे आपले जवान अपुऱ्या कपड्यांत, जुन्या रायफली घेऊन बर्फात लढत होते, तेव्हा ज्यांच्याकडे मदत मागायची ते अमेरिका आणि रशिया एकमेकांवर अणुबॉम्ब रोखून बसले होते. शाळेत हे दोन वेगळ्या धड्यांत होतं. महिना एकच, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

आजीला क्युबा ठाऊक नव्हतं. ‘लढाई लागली’ एवढं कानावर आलं आणि तिने विचारलं, “रझाकार परत आले का काय?” निजामाची राजवट जाऊन चौदाच वर्षं झाली होती, उस्मानाबाद जिल्ह्याला लढाई म्हटलं की तेच आठवणार.

28 ऑक्टोबरला, ऐन दिवाळीत, ख्रुश्चेव्हनी क्षेपणास्त्रं काढून घ्यायचं कबूल केलं. जग सुटलं, आपण नाही. तवांग गेलं होतं, आणीबाणी लागली होती, संरक्षण निधीसाठी बायका अंगावरचं सोनं देत होत्या. रझाकारांच्या काळात गोठ्यात पुरून वाचवलेली बोरमाळ आजीने तेव्हा दिली.

21 नोव्हेंबरला यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. त्याच दिवशी चीनने युद्धबंदी जाहीर केली.

बोरमाळीची पावती मिळाली होती म्हणे. ती मात्र कुणी जपली नाही.